डिशवॉशर घेऊन सहा महिने झाले: इंदूरचं पाणी, आपली भांडी आणि रात्रीचे साडेनऊ

दिवाळीत डिशवॉशर घेतला तेव्हापासून कंपनीत, नात्यात, गल्लीत मिळून पंधराएक जणांनी तरी विचारलं असेल की कसा आहे, आपली भांडी निघतात का त्यात, आणि प्रत्येकाला मी सावकाश सांगतो म्हणून पुढे ढकललं, कारण दोन मिनिटांत उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाहीच. आज रविवार, पोहे-जिलेबी झालीये, मुलगी मैत्रिणीकडे गेलीये, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू आहे आणि खरा प्रश्न मशीनचा कमी आणि आपल्या घरातल्या पाण्याचा, भांड्यांचा जास्त आहे.

आधी घर सांगतो म्हणजे अंदाज येईल. आम्ही पाच जण, सुदामा नगरात, आई, मी, बायको, मुलगी दहावीत आणि मुलगा चौथीत. मी पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, सकाळी पावणेसातला कंपनीची बस, घरी यायला साडेसात, कधी ऑडिट असलं की नऊ. बायको बँकेत, तिचंही मार्च म्हणजे विचारू नका. स्वयंपाक दोन वेळचा घरीच होतो, तीन डबे भरले जातात, आणि आईला जेवण साग्रसंगीत लागतं, म्हणजे वरणाची वाटी वेगळी, ताकाची वेगळी, चटणी-कोशिंबीर ताटात डावीकडे. तर भांडी भरपूर.

भांडी नऊ वर्षं एकच मावशी घासायच्या. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या बोटांना चिरा पडायला लागल्या, मलम लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच, शेवटी डॉक्टरांनी साबणाच्या पाण्यात हात घालायचाच नाही असं सांगितलं. त्या स्वतःच येऊन म्हणाल्या, भैया झाडू-पोछा करती रहूंगी, बरतन अब नहीं होंगे मुझसे. हे मुद्दाम सांगतोय कारण मला दोघांनी तोंडावर विचारलं की मशीन आणून बाईचं काम काढलंस का. नाही. त्या आजही येतात, झाडू-पोछा आणि वरची आवराआवर करतात, आणि पैसे आम्ही भांड्यांसकट जेवढे देत होतो तेवढेच ठेवलेत. नऊ वर्षं त्यांनी आमची थंडीतली भांडी गार पाण्यात घासली, त्या हातांकडे बघून पैसे कापायची आमची इच्छा झाली नाही.

मग दोन महिने आम्हीच घासली. दुसरी बाई शोधली, एक आठ दिवस टिकली, एक आलीच नाही. रात्री नऊला जेवण आटोपलं की सव्वानऊ ते दहा मोरीत, कधी मी कधी बायको, आणि त्या पाऊण तासात आमच्यात जेवढी बोलाचाली झाली तेवढी लग्नानंतरच्या सोळा वर्षांत झाली नसेल. दोघंही दमलेले, दोघांचंही खरं, आणि समोर कढई. मुलगी त्याच वेळेला गणित घेऊन यायची आणि मी ओल्या हाताने तिला दहा मिनिटांनी ये म्हणायचो, आणि ती दहा मिनिटांनी यायची नाही, झोपून जायची. हे मला फार लागायचं. त्यामुळे मशीन घ्यायचं ठरलं ते चैन म्हणून नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून डिशवॉशरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, त्याने चांगला फरक पडला, आम्ही दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घेतला. दुकानात गेलो तर तिथे मशीनच्या आत पांढऱ्या चपट्या प्लेटा आणि काचेचे ग्लास लावून ठेवलेले, फारच छान दिसत होतं, पण आपल्या घरी ते काय कामाचं. मी घरून पिशवीत आमचं मोठं ताट, कुकरचा डबा, दोन वाट्या, एक उंच पातेलं आणि आईचा पाण्याचा तांब्या नेला होता, आणि दुकानदाराला म्हटलं की हे लावून दाखवा. तो आधी बघतच राहिला पण मग त्याने मनापासून सगळं लावून बघितलं, वरची जाळी वर-खाली करून दाखवली, आणि तिथेच कळलं की आम्ही जे मॉडेल ठरवून गेलो होतो त्यात आमचं ताट वरच्या पंख्याला, म्हणजे फिरत पाणी फवारणाऱ्या दांड्याला, लागत होतं. तर माझा पहिला सल्ला हाच की पिशवीत भांडी घेऊन जा, लाजू नका.

ते जे 12 प्लेस सेटिंग, 14 प्लेस सेटिंग म्हणतात ना, ते विलायती पंगतीचं माप आहे, एका माणसाच्या प्लेटा, बोल, कप-बशी, ग्लास, काटे-चमचे असं धरून. आपल्याकडे एका माणसाला एक ताट, तीन वाट्या, एक पेला आणि शिवाय स्वयंपाकाची भांडी. आमच्या 14 वाल्यात पाच जणांचं रात्रीचं सगळं, कुकरचे तीन डबे, दोन पातेली, एक स्टीलची कढई, डाव, झारा, चहाची गाळणी आणि सकाळचे डबे बसतात. परात आली की मात्र खालची अर्धी जाळी ती एकटी खाते, म्हणून परात आम्ही हातानेच धुतो, कणकेचीच तर असते.

बसवताना तीन गोष्टी बघाव्या लागतात आणि त्या कुणी आधी सांगत नाही. एक, 16 अँपिअरचा प्लग, नीट अर्थिंग असलेला, कारण आत पाणी तापवायचं हीटर असतं, ते घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवायच्या भानगडीत पडू नका. दुसरं, सांडपाण्याचा पाइप, तो सिंकखालीच जोडता आला तर उत्तम. आणि तिसरं पाण्याचा दाब, हे सगळ्यात महत्त्वाचं. टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असली तर साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे प्रत्येक मीटरला एक दशांश. आमचं स्वयंपाकघर तळमजल्यावर, टाकी गच्चीवर, सातेक मीटर, त्यामुळे अडचण आली नाही. माझ्या मामेभावाचा फ्लॅट सगळ्यात वरचा, टाकी डोक्यावर जेमतेम तीन मीटर, त्याची मशीन पाणीच घेईना, एरर दाखवून थांबायची, शेवटी त्याने छोटा प्रेशर पंप बसवला तेव्हा चालली. घ्यायच्या आधी मॅन्युअलमध्ये कमीत कमी दाब किती लागतो ते वाचा आणि आपली टाकी किती उंच आहे ते डोळ्यांनी बघा.

आता पाणी. खरं तर हा सगळा लेख पाण्यासाठीच लिहितोय.

पहिले पंधरा दिवस मशीन अप्रतिम चालली, ताटं अशी निघायची की आईनेही हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि काही बोलली नाही, म्हणजे पसंत. तिसऱ्या आठवड्यात पेल्यांवर पांढरट धुकं दिसायला लागलं, मग स्टीलच्या वाट्यांवर, हाताने पुसलं तर जात नाही, बोट फिरवलं तर खरखरीत. मी कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी सांगितलं डिटर्जंटची टॅबलेट बदला, बदलली, मग म्हणाले दोन टॅबलेट टाका, टाकल्या, फरक शून्य. माणूस पाठवतो म्हणाले आणि तीन वेळा तारीख देऊन कुणी आलं नाही, आणि मी एक दिवस त्यासाठी अर्धी सुट्टी टाकून घरी बसलो होतो. याचा मला मनस्ताप झाला, तो झाला. नावं घेऊन काही मिळत नाही, पण जो माणूस बारा तास बाहेर असतो त्याच्यासाठी अर्धी सुट्टी म्हणजे काय हे फोनवरच्या लोकांना कळायला हवं.

शेवटी एक मेकॅनिक आला, पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने मशीनला हातच लावला नाही, आधी नळाकडे गेला, नळाच्या तोंडावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाला, साहब, बोरिंग का पानी है ना. आणि मग माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एकाआड एक दिवस येतं, ते हौदात पडतं, तिथून टाकीत चढवतो, आणि कमी पडलं की बोरिंग चालू करतो. दिवाळीत पाहुणे होते, पाणी जास्त लागलं, बोरिंग रोज चाललं, आणि त्याच दिवसांत धुकं सुरू झालं. मी क्वालिटीत काम करतो, रोज लोकांना विचारतो की आधी काय बदललं ते सांगा, आणि घरी मी हे बघितलं नव्हतं.

बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी तापलं की ते भांड्यांवर आणि हीटरवर बसतात, तेच जे गीझरच्या रॉडवर दिसतात. डिशवॉशरमध्ये खाली एक मिठाची टाकी असते आणि तिच्याशेजारी रेझिनचे बारीक मणी भरलेला भाग. पाणी त्या मण्यांतून जातं, मणी क्षार धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, मणी भरले की मशीन मिठाच्या पाण्याने ते धुऊन परत ताजे करते. म्हणजे मीठ भांड्यांना लागतच नाही, ते त्या मण्यांसाठी आहे. आणि किती वेळाने मणी धुवायचे हे मशीनला कळावं म्हणून तुमचं पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, ते आपल्याला एकदा सेट करून द्यावं लागतं. पाकिटात एक कागदी पट्टी येते, पाण्यात बुडवायची, रंग बदलतो, त्यावरून लेव्हल. बसवायला आलेल्या मुलाने ती पट्टी नर्मदेच्या दिवशी बुडवली होती आणि लेव्हल कमी ठेवली होती. मेकॅनिकने बोरिंगच्या पाण्यावर परत बघितलं आणि लेव्हल वर नेली, बस. दोन रात्रींत फरक, आठवड्यात पेले स्वच्छ. जुनं धुकं घालवायला त्याने सांगितल्याप्रमाणे सायट्रिक अॅसिड टाकून एक रिकामी फेरी चालवली आणि पेले लिंबाच्या पाण्यात ठेवले.

म्हणून इंदूरमधल्या, आणि बोरिंगवर असलेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो की पट्टी बोरिंगच्या दिवशी बुडवा. पाणी मिसळत असेल तर जे जास्त जड आहे त्यावर लेव्हल ठेवा. आणि मीठ डिशवॉशरचंच घ्या, जाड दाण्याचं, घरातलं आयोडीनचं बारीक मीठ त्यात घालू नका, त्यात मोकळं राहण्यासाठी जे पदार्थ मिसळतात त्याने ते तुंबतं. मीठ भरताना थोडं सांडतंच, म्हणून मशीन लावायच्या अगदी आधी भरायचं म्हणजे सांडलेलं लगेच धुऊन जातं, नाहीतर खारं पाणी रात्रभर स्टीलवर बसून डाग पडतात. पहिल्यांदा भरताना आधी त्या टाकीत पाणी घालायचं असतं, नंतर कधीच नाही.

आई हे सगळं ऐकत होती, तिला पाण्याचा विषय जिव्हाळ्याचा. 1970 साली नर्मदा आणा म्हणून इंदुरात आंदोलन झालं तेव्हा ती शाळेत होती, तिच्या वडिलांनी तिला मिरवणूक दाखवायला खांद्यावर नाही तर बोट धरून नेलं होतं असं ती नेहमी सांगते. सत्तर किलोमीटरवरून, नर्मदेकाठच्या जलूदहून, पाणी घाट चढवून आणतात ते असं वाहवायला नाही, हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. म्हणून मशीन घ्यायच्या आधी तिचा पहिला प्रश्न पाण्याचाच होता. तर मी मोजलं. आमचा स्वयंपाकघरातला नळ मिनिटाला सहा लिटर देतो, बादली लावून बघितलं. हाताने घासताना दोन रात्री मी मोबाइलवर वेळ लावला, नळ प्रत्यक्ष चालू होता बारा मिनिटं एकदा, चौदा मिनिटं एकदा, म्हणजे सत्तर-ऐंशी लिटर. मशीनचं सांडपाणी एकदा पाइप बादलीत सोडून धरलं तर जड फेरीलाही, म्हणजे जास्त मळक्या भांड्यांच्या लांब फेरीलाही, ते एका बादलीच्या आतच राहिलं, बारा लिटरच्या आसपास. आईसमोरच मोजलं. त्या दिवसापासून पाण्याचा प्रश्न घरात संपला.

तिचा दुसरा प्रश्न खरकट्याचा होता आणि तो जास्त अवघड. अरे, खरकटं रात्रभर पेटीत कोंडून ठेवायचं, देवाचं स्वयंपाकघर आहे ना ते? यावर मी वाद घातला नाही. देवाची भांडी, नैवेद्याचं ताट-वाटी, तिचा तांब्या-फुलपात्र हे मशीनमध्ये जात नाही, कधीच जाणार नाही, ती ते स्वतः चिंचेने घासते आणि तिला ते आवडतं. आणि तसंही तांबं-पितळ मशीनमध्ये घालायचंच नसतं, डिटर्जंट तिखट असतो, काळं पडतं, कल्हईची वाट लागते. बाकीचं खरकटं आम्ही आधी ताटातून काढून ओल्या कचऱ्यात टाकतो आणि रात्रीच मशीन लावतो, त्यामुळे कोंडून राहत नाही. इंदूरमध्ये ओला-सुका वेगळा करायची सवय तर आता मुलांच्याही हाताला आहे, सकाळी गाडी आली की हिरवा डबा घेऊन धाकटा पळतो. त्याला मी सांगितलंय की आपल्या ताटातलं उरलेलं देवगुराडियाच्या प्लांटला जातं, रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकेल एवढा तो प्लांट आहे, 2022 मध्ये सुरू झाला, आणि त्यातून जो गॅस बनतो त्यावर शहरातल्या बस धावतात. तेव्हापासून तो ताटात भात टाकत नाही, पण टाकलाच तर म्हणतो बसला दिला.

पण एक लक्षात ठेवा, खरकटं काढायचं म्हणजे भांडं विसळायचं नाही. मी पहिला महिना नळाखाली सगळं विसळून मग मशीनमध्ये ठेवायचो, म्हणजे कामही केलं आणि पाणीही घालवलं. डिशवॉशरच्या पावडरीत एन्झाइम असतात, ते पिठूळ आणि प्रथिनांच्या डागांवर काम करतात, त्यांना धरायला काही तरी लागतं. चमच्याने निपटून काढा, बस.

काय निघतं आणि काय निघत नाही. वरण, भाजी, हळद, तेल, तूप, सगळं निघतं. आमच्याकडे खरी परीक्षा दाल-बाफल्याची, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांची, रविवारी बाफले केले की तुपाने ताटं अशी थबथबलेली असतात की हाताने घासताना तीनदा साबण लागायचा, मशीन 65-70 अंशाच्या फेरीत एका दमात काढते, ताटाला बोट लावलं की कर्रकन आवाज येतो. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याला गेलेली सगळी मंडळी परत आमच्याकडेच जेवायला आली, अकरा माणसं, भजी, पुरणपोळी, कटाची आमटी, दोन फेऱ्या लावल्या आणि आम्ही अंगणात गप्पा मारत बसलो होतो, बायको शेवटपर्यंत बसली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साबुदाण्याची खिचडी चिकटलेली असली तर अर्धा तास पाणी घालून ठेवावी लागते. करपलेलं दुधाचं पातेलं निघत नाही, खालचा काळा थर तसाच राहतो, ते हातानेच. सायीचा कडेला सुकलेला पट्टा मात्र निघतो. कोथिंबीर आणि मोहरी या दोन गोष्टी त्रास देतात, कोथिंबिरीची पानं एका भांड्यावरून उडून दुसऱ्याला चिकटतात आणि मोहरीचा दाणा पंख्याच्या भोकात जाऊन अडकतो, मग तिथून पाणी येत नाही आणि एका कोपऱ्यातल्या वाट्या मळक्या निघतात. आठवड्यातून एकदा खालचा फिल्टर फिरवून काढायचा, जुन्या ब्रशने घासायचा, आणि महिन्यातून एकदा पंखे काढून भोकं टूथपिकने बघायची. हे काम माझं आहे, रविवारी सकाळी, पाच मिनिटं.

अॅल्युमिनियम घालू नका. आमचा जुना कुकर मी एकदा घातला आणि तो राखाडी-काळा होऊन निघाला, हात लावला तर बोटं काळी. तो कुकर बायकोच्या माहेरचा होता, मला फार वाईट वाटलं, तो परत तसा होणार नाही. त्यानंतर बर्तन बाजारात जाऊन स्टीलचा घेतला, तो शिट्टी आणि रिंग काढून खुशाल जातो. लोखंडी कढई, बिडाचा तवा, पोळपाट-लाटणं, लाकडी रवी, धारेची सुरी, काही काही म्हणून नाही. नॉनस्टिकही आम्ही बाहेरच ठेवतो. मेलामाइनच्या नक्षीच्या प्लेटा दोन महिन्यांत फिक्या पडल्या.

भांडी लावायची एक रीत आहे, ती जमेपर्यंत पंधरा दिवस जातात. वाट्या एकात एक नाही, सगळ्या पालथ्या आणि जरा तिरप्या, म्हणजे बुडाला पाणी साचत नाही. पातेली खाली, तोंड खाली. चमचे एकमेकांना चिकटले तर मधलं तसंच राहतं, म्हणून उलटसुलट. आणि लावल्यावर पंखा हाताने फिरवून बघायचा, कुठे झाऱ्याचा दांडा अडत नाही ना. सुरुवातीला मी लावलेलं बायको परत काढून लावायची, मग एक दिवस आम्ही ठरवलं की जो लावेल त्याचं फायनल, आणि आता रात्रीची भांडी लावणं पूर्ण माझं, सकाळी काढून जागेवर ठेवणं मुलांचं. बायकोचं त्यात काही नाही. मशीन आणून जर तीच लावणार, तीच काढणार, तर आणायची कशाला.

वेळ लागतो हे खरं. जड फेरीला दोन-सव्वादोन तास, इको साडेतीनच्या वर जाते. अर्ध्या तासाची झटपट फेरी आहे पण ती चहाच्या कपांसाठी, तुपाच्या ताटांसाठी नाही. आम्ही रात्री साडेनऊला लावतो आणि झोपतो, आवाज बेडरूममध्ये येत नाही. लाइट गेली तर परत आल्यावर तिथूनच पुढे सुरू होते. प्लास्टिकचे डबे ओलेच निघतात, स्टील कोरडं, कारण स्टील गरम राहतं आणि त्यावरचं पाणी उडून जातं, प्लास्टिक लगेच गार होतं. मुलांचे डबे आता स्टीलचेच केलेत. रिन्स एड घालायला विसरू नका, त्याने पाणी थेंब न धरता घसरून जातं, डाग राहत नाहीत. आणि भांड्याचा साधा लिक्विड साबण चुकूनही नाही, फेस दारातून बाहेर येतो.

खर्च. रोज एक जड फेरी धरून वीज दीड युनिटच्या आसपास, पावडर टॅबलेटपेक्षा स्वस्त पडते आणि कमी-जास्त घालता येते म्हणून आम्ही पावडरच वापरतो, मीठ बोरिंगमुळे महिन्याला किलोभर, असं सगळं मिळून आमचा महिन्याचा हिशोब आठशेच्या जवळपास जातो. एप्रिलपासून नर्मदेचं पाणी कमी आणि बोरिंग जास्त, त्यामुळे मीठ अजून लागेल.

आता साडेनऊला मी टेबलाशी असतो. मार्चपर्यंत रोज रात्री मुलीबरोबर गणित केलं, भूमितीची सगळी प्रमेयं माझी परत पाठ झाली, पेपर चांगला गेला म्हणते, निकाल लागायचाय. परीक्षा झाल्यापासून मी आणि बायको जेवल्यावर कॉलनीतल्या बागेला एक चक्कर मारून येतो, वीस मिनिटं, फार काही बोलत नाही, बँकेतलं थोडं, कंपनीतलं थोडं. परवा परत आलो तर आईने तिची ताकाची वाटी स्वतः वरच्या जाळीत पालथी लावून ठेवली होती, तिरपी, अगदी बरोबर.

कुणाला पाहिजे असेल तर, घरात दोघंच असाल आणि एकच वेळ स्वयंपाक होत असेल तर घेऊ नका, मशीन भरायची वाट बघत भांडी वास मारतील. चारच्या वर माणसं असतील, दोघं नोकरी करत असाल, तर 14 वालं घ्या, 12 मध्ये आपली पातेली बसत नाहीत. स्टीलची भांडी जास्त असतील तर अजूनच चांगलं. आणि पट्टी कुणाला लागली तर माझ्याकडे दोन उरल्यात, सुदामा नगरात असाल तर रविवारी घरीच असतो, बोरिंगचं पाणी एका बाटलीत घेऊन या.